राजाजीनगरचं लाल तीर्थ

दर गुरुवारी चार वाजता आमच्या राजाजीनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर चपलांचा एवढा ढीग पडायचा, की नव्या चपला घालून गेलेला माणूस जुन्या घालून घरी यायचा. आत अमृतनाथ महाराज तोटीचा पितळी कलश घेऊन बसलेले. कुणीही उठावं, आपल्या घरच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतावं. महाराज कलश तिरका करत, आधी पाणीच पडे. मग ते डोळे फिरवून ओरडत, "गुरुनाथा, झिरपा!" आणि त्याच तोटीतून दाट लाल धार लागे. बायका रडायच्या, पुरुष गाल थोबाडून घ्यायचे.

"गुरुनाथांच्या समाधीतून झिरपलेलं अमृत! एका दमात गिळा. चव घेतली की गुण गेला!" महाराज बजावायचे.

आता तीर्थाची चव तशीही घेतं कोण? तळहातावर घ्यायचं, गिळायचं, ओला हात डोक्यावरून फिरवायचा. लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलेलं. त्या लबाडाने आपली नेमकी हीच सवय हेरली होती. वास लपवायला वर तुळस आणि कापूर. दुखणाइतांना तर भरून वाटी! वाटीच्या तळाशी काळपट गाळ राहायचा. ती म्हणे समाधीची माती. बायका ती कपाळाला लावायच्या.

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. एरवी मी नाक मुरडून घरी बसले असते. पण त्या रांगेत माझी धाकटी बहीण होती.

हे १९५८ सालचं. कल्पना तेव्हा बावीस वर्षांची. क्षयासाठी आठ महिने सॅनेटोरियममध्ये काढून आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्षभर गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. त्या गोळ्यांनी बिचारीला मळमळायचं, जेवण जायचं नाही. तिला महाराजांकडे नेलं ते हंबीररावांनी, म्हणजे आमच्या घरमालकांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेल्या मराठा घराण्यातले ते. कँटोन्मेंटच्या ऑफिसर मेसमध्ये तीस वर्षं आबदार होते, म्हणजे साहेबांच्या दारवा सांभाळायच्या आणि पंगतीला वाढायच्या. स्वतः मात्र थेंब घेत नसत, असं सगळं गाव सांगायचं. आमचे वडील गेल्यावर कल्पनाला दवाखान्यात दाखल करताना पालक म्हणून सही त्यांनीच केली होती. आम्ही त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

तीर्थाने कल्पनाचे गाल लाल झाले, झोप लागू लागली, भूकही लागली. मीसुद्धा गप्प राहिले, खोटं कशाला बोलू? पण नवव्या आठवड्यात तिला पुन्हा खोकला लागला. उशीखाली गोळ्यांचा डबा सापडला, भरलेला.

"महाराज म्हणाले, तीर्थावर गोळ्या चालत नाहीत," ती हळूच म्हणाली.

"आणि तू ऐकलंस?" मी इतकी ओरडले की शेजारची गंगव्वा धावत आली.

कल्पनाच्या पांढऱ्या पदरावर तीर्थाचे डाग होते. रागारागात मी त्यावर धुण्याचा सोडा टाकला, आणि डाग बघता बघता हिरवट काळा पडला. द्राक्षांचा रस असा रंग बदलतो. म्हणजे समाधीला द्राक्षं लागतात तर! वास घेतला. कापराच्या मागे दारूचा दर्प होता.

पण माझ्या सोड्यावर विश्वास कोण ठेवणार? लोक अण्णांवर ठेवतील, असं मला वाटलं. तीस वर्षं दारू हाताळलेली, तोंडात धरली की त्यांना कळेल, आणि ते खोटं बोलत नाहीत. दोन्ही गोष्टी मला सूर्यप्रकाशाइतक्या खऱ्या वाटत होत्या.

पुढच्या गुरुवारी मी भर सभेत उभी राहिले. "महाराज, आज अण्णा तीर्थ तोंडात धरतील आणि काय आहे ते सांगतील."

"बाई, शंका हा कफाचा विकार आहे," महाराज हसले. "तीन वाट्या घ्या, उतरेल."

"अण्णा सांगतील तसं!" मागून कुणी ओरडलं. "हो, अण्णांनी सांगावं!"

अण्णा पुटपुटले, "राहू दे ग हेमा. सरी, ठीक आहे, घरी जाऊ." मला वाटलं, म्हातारा घाबरला. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

महाराजांना काय चिंता? अण्णा नऊ आठवडे पहिल्या रांगेत बसत होते. ते ऐटीत म्हणाले, "घ्या हंबीरराव! आजचं अगदी ताजं, काल रात्रीच समाधीतून झिरपलंय."

अण्णांनी घोट घेतला. गिळला नाही. तोंडात फिरवला, डोळे मिटले, नाकाने श्वास सोडला. सबंध शेड त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांचा चेहरा तापला.

"कालचं?" ते म्हणाले. "कालचं म्हणता याला? हे स्पेनचं लाल आहे. लढाईच्या आधीचं, वीस वर्षांच्या वरचं. ओकच्या पिंपात मुरलेलं. आधी सुक्या अंजिराची चव, मग तंबाखूची, आणि शेवटी जिभेला कोरडं धरतं. फुल बॉडी, म्हणजे भरदार, म्हणायचे साहेब. त्याला ताजं म्हणता? आणि हा गाळ समाधीची माती नव्हे, जुन्या बाटलीचा तो! मेणबत्ती धरून, फडक्यातून ओतायचं असतं. घोडे पाजल्यासारखं ओतताय!"

महाराज उठून मागच्या दाराकडे सरकले. मी कलश हिसकावला. आत पत्र्याचा पडदा होता, दोन कप्पे, आणि मुठीखाली दोन बारीक भोकं. अंगठा ठेवला की त्या कप्प्यातलं बाहेर येत नाही, उचलला की येतं. माझ्या शाळेतल्या मुली पिपेटच्या नळीवर बोट ठेवून रोज हेच करतात. मी तिथेच धरून दाखवलं. एक अंगठा उचलला, पाणी. दुसरा उचलला, दारू. "गुरुनाथा, झिरपा" म्हणायचीही गरज पडली नाही.

"अय्यो, इकडे बघा!" गंगव्वाने व्यासपीठाची चादर उचलली होती. खाली खोकी रचलेली. एका बंद पडलेल्या क्लबाच्या लिलावातला माल, बाटल्यांवर १९३४ साल. लोक धावले, महाराज सापडले, मार खाल्ला, पोलिसांत गेले. मी ते काही पाहिलं नाही. मी अण्णांकडे बघत होते. माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडत होता.

माझ्या आधी कल्पनाने विचारलं. "अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"महाराज मला गोळ्या सोड म्हणाले, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. तेव्हा ठाऊक होतं?"

"पहिल्याच घोटाला कळलं, पोरी." ते म्हणाले. "तीस वर्षं साहेबांना वाढली. ग्लासाच्या तळाशी उरायचं, ते चाटून शिकलो. साहेब गेले, चव गेली. इथे पुन्हा मिळाली, नि वर लोक पाया पडत होते. बोललो असतो तर माझी वाटी बंद झाली असती. वाटलं, स्वल्प दारूनं तुला काय होणार..."

महाराजांचा मला राग आला नाही, खरंच नाही. फसवणं त्याचा धंदाच होता. पण ज्याने पालक म्हणून सही केली, त्याने एका वाटीसाठी माझ्या बहिणीचा जीव पणाला लावला. मी कल्पनाचा हात धरला आणि शेडबाहेर पडले.

कल्पना परत सॅनेटोरियममध्ये गेली. त्या नऊ आठवड्यांत रोग डावीकडे पसरला होता. बरगड्या कापून ते फुफ्फुस दाबावं लागलं. दीड वर्षाने ती घरी आली, एका खांद्याने वाकलेली. फाटकात हंबीरराव उभे होते, हातात मोगऱ्याचा गजरा. तिने हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार, हंबीरराव." पुन्हा तिने त्यांना अण्णा म्हटलं नाही.

दरवर्षी नव्या वर्गाला मी पिपेट दाखवते आणि ही गोष्ट सांगते. मुलींनो, तीर्थ असो, औषध असो, नाहीतर अगदी घरच्या माणसाचा शब्द असो, गिळण्याआधी तोंडात धरून बघा. आणि ज्याला चव कळली तो गप्प बसलेला दिसला, तर त्यालाही विचारा. मी नऊ आठवडे विचारलं नव्हतं.