माशाचे तोंड झालेली जाळी

मित्रांनो, तुम्ही मला रोज ओलांडून जाता, पण थांबून कधी विचारपूस केली नाहीत, म्हणून आज मीच बोलायचे ठरवले. मी एक जुनी बिडाची जाळी आहे. रस्त्याचा उतार जिथे संपतो त्या कोपऱ्यावर, फुटपाथच्या कडेला मी बसवलेली आहे. रस्त्यावरचे पाणी खाली सोडायचे, हे माझे काम.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी थंड झाल्यावर साचा फोडून मला बाहेर काढले. ओतकाम करणाऱ्या मामांनी मला हातोडीने वाजवून पाहिले. मी खणखणीत वाजले. "ही कुणाच्या बापाला तुटायची नाही," ते म्हणाले. त्यानंतर बरीच वर्षे माझ्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला नाही. सँडलची टाच अडकली की शिव्या मात्र मला. चहाचे कप, बिस्किटांची वेष्टने, गाडीतला केर, जे जे हातात नकोसे व्हायचे ते माझ्यात यायचे. माझ्याखालचा पाइप सरळ ओढ्यात जातो. मध्ये ना टाकी, ना गाळणी.

ओढा कोपऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे शाळेतल्या बाई दर शनिवारी गल्लीतल्या मुलांचा वर्ग भरवत. बरणीत पाणी घेऊन गाळ खाली बसेपर्यंत गप्प बसायचे, भिंगातून पाण्यातले किडे पाहायचे, असा तो वर्ग. गप्प बसायचा धडा सोडला तर मुलांना सगळे आवडायचे. पण पाणी काळे पडू लागले, वास येऊ लागला, आणि एक दिवस नगरपालिकेच्या ऑफिसातले साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"बाई, पावसाळ्यानंतर पुन्हा बघायला येईन. असंच असेल तर ओढ्यावर स्लॅब टाकून टाकू. लोकांना गाड्या लावायला जागा तरी होईल."

"आणि माझी मुलं?"

"वर्गात बसवा की! वर्ग कशाला असतात?"

बाईंचे तोंड एवढेसे झाले.

बाईंची नणंद दुकानांच्या पाट्या रंगवायची. सगळे तिला पेंटरताई म्हणत. ती म्हणाली, "वहिनी, 'कचरा टाकू नका' असं लिहून काही होत नाही. त्या पाटीखालीच लोक टाकतात. आपण चित्र काढू. लोकांना कळू दे, इथून खाली मासे राहतात."

आणि मित्रांनो, तिने माझ्याभोवती मासा काढला! निळाशार, मोठे डोळे, एकेक खवला वेगळा. माशाने हसत हसत तोंड उघडले होते, आणि ते तोंड म्हणजे मी. लोक थांबून फोटो काढू लागले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

पण उघडे तोंड दिसले की माणसाला भरवावेसे वाटते, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आले नव्हते. "बाळा, कचरा रस्त्यावर नाही टाकायचा, माशाला द्यायचा हं," असे आया मुलांना शिकवू लागल्या. पूर्वी रस्त्यावर पडायचे तेही आता माझ्यात येऊ लागले, आणि तेही अगदी प्रेमाने. वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून तिला खारूताई म्हणत. ती तर संत्र्याची साले रोज आणायची. "खा हं. टाकायचं नाही," असे मला दटावायचीसुद्धा.

ओढा पहिल्यापेक्षा घाण झाला. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, तू मासा काढलास की कचऱ्याचा डबा?"

"तोंड मिटलेल्या माशाकडे कुणी पाहिलं असतं का, वहिनी?"

"पाहिलं नसतं, पण भरवलंही नसतं."

पेंटरताईला ते लागले. आठवडाभर दोघी एका घरात राहून "मीठ दे" आणि "दार लाव" एवढेच बोलत होत्या.

शनिवारी बाई मुलांना घेऊन माझ्याजवळ आल्या. रुसलेली नणंदही मागे होती. बाई रागावल्या नाहीत. खारूताईला म्हणाल्या, "घाल त्याला काय घालायचं ते." खारूताईने साले घातली. बाईंनी वरून बादलीभर पाणी ओतले आणि सगळ्यांना ओढ्याकडे पळवले. पाइपाच्या टोकातून आधी वेष्टने आली, मग कप, आणि शेवटी संत्र्याची साले.

"बाई, मासा ओकला!" खारूताई ओरडली.

मुले पोट धरून हसली. ती हसली नाही. "मीच भरवलं ना त्याला," म्हणून तिने भोकाड पसरले.

पेंटरताई एकटीच परत आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे रंगवत आलेल्या तिने पहिल्यांदाच मनासारखे काही काढले होते. खवल्यांवरून तिने एकदा हात फिरवला. मग थिनरची बाटली उघडली आणि पत्र्याच्या पट्टीने ओठ खरवडायला घेतले.

बाई धावत आल्या. "अगं, सगळा नको पुसूस! तोंड तेवढं मिट."

"इथे मासा असेल तर हे भोक त्याचं तोंडच दिसणार, वहिनी."

मग बाईंनीही पदर खोचला आणि शेपटीकडून सुरुवात केली. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मी पुन्हा नुसती जाळी झाले. उरलेल्या निळ्या रंगाने मुलांनी माझ्यापासून ओढ्यापर्यंत, पाइप जातो त्या वाटेने, रस्त्याच्या कडेला एक पट्टा रंगवला. तो वाकडातिकडा आहे. खारूताईच्या वाट्याचा तर जरा जास्तच.

पावसाळा संपला, ओढ्याचे पाणी जरा निवळले आणि साहेब आले. हातात चहाचा रिकामा कप होता. सवयीने ते माझ्याकडे वळले, तर खारूताई माझ्यावर दोन पाय रोवून उभी.

"काका, इथे नाही. ते आमच्या वर्गात येतं."

साहेबांनी निळ्या पट्ट्यावरून ओढ्यापर्यंत नजर नेली. कप चुरगळून खिशात घातला. नंतर बराच वेळ ते बाईंच्या मागे उभे राहून बरणीतला गाळ बसताना पाहत होते. जाताना म्हणाले, "यंदा स्लॅब राहू दे."

मित्रांनो, यंदा म्हणाले आहेत. पुढच्या वर्षाचे मला माहीत नाही, ते तुमच्या हातात आहे. माझे अजून कौतुक करायचे असेल तर मला काहीही भरवू नका. पावसाच्या पाण्यावर माझे भागते. वेष्टन खिशात ठेवा, घरच्या डब्यात टाका. पलीकडे ओढ्यात मुले पाय सोडून बसलेली असतात.