सहावा आकडा

आमच्या घरात फील्डवर्क म्हणजे काय, हे ज्याला त्याला वेगळं माहीत. बाबा रस्त्यांची मोजणी करायचे. ते फील्डवर गेले की आईच्या लेखी एक ताट कमी. नवरा औषध कंपनीत आहे, त्याचं फील्ड म्हणजे डॉक्टरांच्या दाराबाहेरचं बाकडं. माझ्या दीड वर्षाच्या लेकीला हा शब्द येत नाही, पण मी वजनकाटा पिशवीत भरायला लागले की ती माझी चप्पल लपवते.

मी लहान मुलांची वजनं घेते. ठरलेली घरं, दर दोन महिन्यांनी. काटा दाराच्या चौकटीला अडकवायचा, झोळीत मूल ठेवायचं, आकडा लिहायचा. वजन उतरलं असेल तर दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. तिसऱ्या मजल्यावर एक पैलवान होता. हे नाव मीच ठेवलेलं, कारण झोळीत घातला की हातापायांच्या काड्या अशा झाडायचा, जणू कुस्तीच खेळतोय. त्याची आई हसायची. अंगाला काही लागत नाही, जोर सगळा तोंडात, म्हणायची.

सहाव्या खेपेला माझ्या लेकीला ताप होता. मी गेलेच नाही. तिला मांडीवर घेऊन घरीच तक्ता भरला. पैलवानासमोर मागच्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त लिहिले. मुलं काय, वाढतातच, म्हटलं.

परवा गेले, तर झोळी काढायच्या आधीच त्याच्या आईने सांगितलं की तो गेला. तीन आठवडे झाले. पोट बिघडल्याचं निमित्त. पोर डोळ्यांदेखत वाळत होतं आणि हिला दिसलं नाही, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, हेही तिने सांगितलं, आतल्या खोलीकडे बघत, हळू आवाजात. मग त्याची सगळी वजनं कागदावर लिहून मागितली.

तक्त्यातलं काही बाहेर द्यायचं नाही, असा नियम आहे. मी वहीचं पान फाडलं. पाच आकडे उतरवले. सहाव्याशी पेन अडलं. मग तोही लिहिला.

तिने एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. शेवटच्यावर थांबली.

“ताई, या वेळी तुम्ही आला नव्हता. मी त्याला आंघोळ घालून बसवला होता.”

“हो,” मी म्हटलं. “खोडते.”

पेन पुढे केलं, तर तिने कागद मागे घेतला.

“राहू द्या. सासूबाईंना दाखवायचाय.”

त्या खेपेला मी गेले असते, तर तिच्या हातात हा कागद नाही, दवाखान्याची चिठ्ठी असती. तिला ते कळत नव्हतं असं नाही.

आतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय. वजनवाल्या ताई, असं सांगत ती आत गेली. मी दारातच उभी. आतून तिचा आवाज येऊ लागला. ती आकडे वाचून दाखवत होती, पहिल्यापासून, सावकाश.

सहावा यायच्या आत मी जिना उतरले.