ओढणीतली कुसळं

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरून शेताकडे निघाली, की तिच्या ओढणीवरच्या आरशांतले कवडसे कपाशीवर नाचत आणि कवड्यांची किणकिण बांधापार ऐकू येई. ओढणी मूळची आजीची, म्हणजे याडीच्या आईची. तांडा शेतीत स्थिरावला आणि आजीचं हिंडणं कायमचं थांबलं, याचा सल याडीच्या मनातून कधी गेलाच नाही.

पुसदच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर दक्षिण ध्रुवाकडच्या बेटांच्या सफरीला निघाले, तर पंच्याहत्तरीची याडी गाठोडं बांधून माझ्याआधी तयार! तांडा हसला, "या वयात बर्फात कायले मराले जातं वं?" याडी कडाडली, "आपले वाडवडील बैलावर मीठ लादून मुलूख हिंडले. मी बोटीत बसाले भेऊ काय?" आजीची ओढणी पांघरूनच त्या भूमीवर पाय ठेवायचा, हा तिचा हट्ट होता.

बेटावर बाहेरचं बी जाऊ नये, म्हणून उतरण्यापूर्वी बोटीवर प्रत्येकाचे कपडे तपासत. निघायच्या आदल्या दिवशी याडीनं ओढणी धुऊन, नेहमीसारखी, बांधावरच्या गवतावर वाळत घातली होती. आरशांच्या कडेकडेला आमच्या शेतातली कुसळं! तपासणाऱ्या मुलीनं मान हलवली. ओढणी बोटीवरच राहणार. मी याडीला नियम समजावू लागले.

"परकं बी रानात घुसलं तं काय होते, हे मले शिकवतं का?" याडी मला म्हणाली. "पोरीचं बरोबर हाय. आण सुई."

न मावळणाऱ्या त्या निस्तेज सूर्याखाली, खिडकीशी बसून, तिनं एकेका आरशाची कड उकलली, कुसळ काढलं, पुन्हा टाका घातला. दोन दिवस छोट्या बोटी बाकीच्यांना घेऊन बेटांवर जात राहिल्या. ही जागची हलली नाही. तिसऱ्या सकाळी मुलीनं भिंग लावून ओढणी पाहिली आणि हसून याडीच्या खांद्यावर घातली.

किनाऱ्यावर वारा अंगावर धावून येत होता. पेंग्विनांच्या कलकलाटात कवड्या वाजल्या. ताठ उभी राहत याडी, जणू आपल्या आईलाच, मोठ्यानं म्हणाली, "पाह्य वं याडी, पोचलो आपण!" मी हमसून रडले.

याडी गेली, त्याला दोन कार्तिक झाले. ओढणी आता मी मुद्दाम बांधावरच वाळत घालते. माणसं झटकून नेणाऱ्या काळाला नेऊ दे काय न्यायचं ते. तिच्या शेतातली कुसळं पुन्हा आरशांना बिलगली आहेत, सुई माझ्याजवळही आहे, आणि मी ती काढणार नाही.