भय्यासाहेबांचं सातवं प्रकरण

ऋता अकरावीत होती. तिला पुस्तकं वाचायचा मनापासून कंटाळा होता, पण बडबडीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर रविवारी सकाळी माधव नगरातल्या वाचनालयात मराठीचा वर्ग भरायचा. घरात मराठी आणि बाहेर सगळीकडे हिंदी बोलणारी दहा-बारा मुलं तिथे यायची. मागच्याच वर्षी जबलपूरहून आलेल्या अहल्याताई त्यांना शिकवायच्या. दिवाळीआधी त्यांनी ठरवलं, की मुलांचं भित्तिपत्रक काढायचं आणि प्रत्येकाने एका पुस्तकाचं परीक्षण लिहायचं.

"गोष्ट सांगत बसू नका," त्या म्हणाल्या. "वाचताना तुम्हाला काय वाटलं ते लिहा. आणि खरं लिहा."

ऋताने वर्गाच्या कपाटातलं सगळ्यात बारीक पुस्तक उचललं. 'वैशाखातले दवबिंदू', कादंबरी, लेखक श्रीपाद देवळे, पानं एकशे बारा. आठवडाभराने तिने जे लिहून आणलं ते असं होतं :

"मला नावापासूनच शंका आली. वैशाखात आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, तर दव कुठून येणार? नायिका मंदाकिनी सगळं पुस्तकभर खिडकीत उभी असते. एकदाही जेवत नाही. चाळीसाव्या पानावर मी इतकी बोर झाले, की झोपूनच गेले. पण सातवं प्रकरण वेगळं आहे. त्यात नायकाची धाकटी बहीण सायकल शिकते. ते मी तीनदा वाचलं. लेखकाने मंदाकिनीला तिच्या खिडकीत राहू द्यायचं होतं आणि या बहिणीवर पुस्तक लिहायचं होतं."

अहल्याताई वाचताना हसल्या. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं दुरुस्त करून त्यांनी तो कागद फळ्यावर लावला.

पुढच्या रविवारी ऋता वर्गात पोचली, तेव्हा एक ऐंशीच्या घरातले आजोबा फळ्यासमोर उभे होते. इथे रोज पेपर वाचायला येणारे भय्यासाहेब. सगळे त्यांना ओळखायचे, पण त्यांचं खरं नाव मुलांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

"यातली ऋता कोण?" त्यांनी वळून विचारलं.

"मी."

"मी श्रीपाद देवळे."

ऋताने जीभ चावली.

"सॉरी आजोबा! मला वाटलं लेखक पुण्याचे असतील. मतलब... जुने कोणीतरी."

"हयात नसतील, असंच ना?" भय्यासाहेब हसले आणि बाकावर बसले. "मला एकच सांग. तू शेवटपर्यंत वाचलंस?"

"हो. झोप झाल्यावर परत वाचायला घेतलं."

"बँकेतून रिटायर झालो तेव्हा छापलं. वीस वर्षं झाली. ज्याला दिलं त्याने 'छान आहे' म्हटलं, पण सातव्या प्रकरणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं, पोरी." त्यांनी फळ्यावरच्या कागदाकडे बोट केलं. "आणि दवाचं तुझं म्हणणं बरोबर आहे."

ऋताला धीर आला. "ती बहीण खरी आहे का?"

"खरी म्हणजे काय! सुलू. इथेच गावात, नानाखेड्याला राहते."

"त्यांना आवडलं ते प्रकरण?"

भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तिला दाखवलंच नाही. न विचारता लिहिलं होतं, चिडेल म्हणून भ्यायलो. आता तिला बारीक अक्षर दिसत नाही."

"मग मी वाचून दाखवते ना," ऋता म्हणाली.

तिने घरी फोन केला आणि वर्ग सुटल्यावर दोघं ई-रिक्षाने नानाखेड्याला निघाली. वाटेत भय्यासाहेब दोनदा म्हणाले, "पुढच्या रविवारी जाऊ या का?" ऋताने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुलूआजी मेथी निवडत बसल्या होत्या. काय प्रकार आहे ते ऐकून त्यांनी भावाकडे रोखून पाहिलं. ऋता वाचायला लागली. निळा फ्रॉक घातलेली अकरा वर्षांची मुलगी टावर चौकात सायकलवरून पडते, गुडघे फुटतात, ती रडते आणि मोठा भाऊ तिला उचलून घरी आणतो.

"थांब," सुलूआजी म्हणाल्या. "भय्या, मी रडले?"

"थोडीशी."

"रडलास तू! मी पडले, ते कबूल. पण तू धावत आलास तो थेट कचौरीवाल्याच्या टेबलावर आदळलास. पाय मुरगळला तुझा. मी तुला डबलसीट घरी आणलं!"

ऋता इतकी हसली, की हातातलं पुस्तक मेथीत पडलं.

"कादंबरी आहे ती, सुले," भय्यासाहेब पुटपुटले.

"असू दे. आपल्याला माहीत आहे ना काय झालं ते!" मग त्यांनी मेथीत पडलेलं पुस्तक उचलून ऋताच्या हातात दिलं. "तो फ्रॉक आईने स्वतःच्या साडीतून शिवला होता. मी साफ विसरले होते बघ. ऋता, तेवढं परत वाच गं."

ऋताने परत वाचलं. सुलूआजींनी पदराने डोळे टिपले.

"आधी का नाही दाखवलंस रे?"

"चिडशील वाटलं."

"चिडले असतेच. मग जेवायला वाढलं असतं."

पुढचे तीन रविवार ऋता नानाखेड्याला गेली. सायकलची खरी हकीकत सुलूआजी सांगायच्या आणि ती वहीत उतरवायची. पहिल्या मसुद्यात तिने 'हळुवार वारा' घातला होता. तो सुलूआजींनी काढायला लावला. "ऊन होतं, आणि घाम. तेच लिही."

'पडलं कोण?' या नावाने तो लेख दिवाळीच्या भित्तिपत्रकात लागला. त्या दिवशी सुलूआजी मुद्दाम आल्या आणि ऋताने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. लोक हसत असताना भय्यासाहेब उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "टेबलावर आदळलेला तो शहाणा मीच!" कपाटात कादंबरीच्या तीन प्रती होत्या. त्या तिन्ही त्याच संध्याकाळी लोकांनी वाचायला नेल्या.

दिवाळीनंतरही ऋताचं नानाखेड्याला जाणं थांबलं नाही. सुलूआजी आता टेलिफोन एक्स्चेंजमधल्या त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल सांगत होत्या. तिथला साहेब कसा होता आणि त्याची त्यांनी कशी जिरवली, हे सांगताना त्या इतक्या भराभर बोलत, की ऋताला अर्धं लिहून होईतो पुढचं सुरू व्हायचं. वही भरली. शनिवारी तिने नवीन दोन आणल्या, जाड कव्हरच्या.