पुकारा भावजींच्या नावाचा

मी बाक बोलतोय. कोर्टातला बाक. आतला नव्हे बरं का. आत खुर्च्या असतात, त्यांचा रुबाब वेगळा. मी बाहेरचा, दाराला लागून व्हरांड्यात असलेला. ज्यांना आत बोलावलेलं नाही आणि घरी जायची सोय नाही, अशी माणसं माझ्यावर बसतात.

तुम्ही कधी अशा ठिकाणी बसला असाल तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बसला नसाल तर सुखी आहात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणायला काय जातं? इतकी वर्षं मी पाहतोय, इथं वेडी माणसं फार येत नाहीत हो. अडलेली येतात.

माझा जन्म तुरुंगातला. दचकू नका, मी काही केलेलं नाही. तुरुंगाच्या सुतारखान्यात सरकारी कचेऱ्यांसाठी टेबलं, बाक असं सामान तयार होतं, त्यातलाच मी एक. मला घडवणारा कैदी बोलायला फटकळ होता, पण त्याचा हात मऊ होता. माझ्या कडा तो घासत बसायचा. बरोबरचा म्हणाला, "अरे पुरे की, बाक आहे तो, पाळणा नव्हे." तर हा म्हणाला, "मी बसलोय कोर्टातल्या बाकावर. आधीच पोटात गोळा, त्यात खालून कुसळं. पुढच्याला नको ते." तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. इथं आलो आणि पहिल्याच सकाळी लागला.

माणसं बसतात कशी यावरून मी त्यांचं दुखणं ओळखतो. पहिल्यांदा आलेला अगदी टोकावर बसतो, जणू माझ्यावर बसायचंही भाडं पडणार आहे. जुना झालेला पाठ टेकून पेंगतो. भांडणारे दोघं नेमके माझ्या दोन टोकांना बसतात आणि मधे पिशव्यांची भिंत घालतात. वकील मात्र कधीच बसत नाहीत. ते चालता चालता सांगतात, "तारीख पडली," आणि जातात. मागं राहिलेलं माणूस मग मलाच धरून बसतं. माझ्या खालच्या अंगाला नखांचे किती ओरखडे आहेत ते झाडूवाल्यालाच माहीत.

पण या सगळ्यात जीव घेणारी गोष्ट म्हणजे पुकारा. शिपाई दारात येतो आणि नाव पुकारतो. ऐकलंत तर उठायचं. ऐकलं नाहीत, तर आत लिहिलं जातं, गैरहजर. पुढं जे व्हायचं ते तुमच्यावाचून होतं. म्हणून इथं माणसं कानात प्राण आणून बसतात. चहा प्यायला जायची सोय नाही, मोरीकडं जायचं तरी शेजाऱ्याला सांगून, "माझं नाव आलं तर हाक मारा हो."

आता इस्त्रीवालीची गोष्ट सांगतो. सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इस्त्रीवाली म्हणजे रस्त्यालगतच्या एका खोलीत लोकांचे कपडे इस्त्री करून देणारी बाई. पुढं टेबल आणि इस्त्री, मागं पडदा, पडद्यामागं तिचा आणि लेकीचा संसार. नवरा गेला आणि दीर म्हणाला, "खोली आमच्या वडिलांची, रिकामी करा. माझ्या पोराला तिथं दुकान घालून द्यायचंय." दीर रंगारी होता. भिंती रंगवून त्याच्या नखांत रंग मुरलेला असायचा. वाईट माणूस नव्हता, पण पोराच्या काळजीनं आंधळा झालेला. बाईनं दावा लावला की नवऱ्याच्या वाट्याची ही खोली आहे, मला इथून काढू नये. खालच्या कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घातले आणि ती जिंकली. दीर चिडला आणि त्यानं इथं, वरच्या कोर्टात अपील केलं. तेव्हापासून ती माझ्यावर बसू लागली.

खालच्या कोर्टाचं तिच्या मनात एक पक्कं बसलं होतं. एकदा लेकीला फोनवर सांगताना मी ऐकलं. "अगं, तिथं पहिल्यांदा माझं नाव पुकारलं ना, मला वाटलं दुसरीच कोणी आहे. आयुष्यभर वहिनी, काकू, इस्त्रीवाली. पूर्ण नावानं कोण हाक मारतंय!" दुसरीही एक आठवण होती, कडू. एकदा घाईत ती न पुकारताच आत शिरली होती, तेव्हा तिथले जजसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुमचं नाव पुकारलं का? मग बाहेर बसा." ते तिला असं लागलं होतं की तिनं कानाला खडा लावला. आपलं नाव आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

इथल्या सुरुवातीच्या तारखांना काहीच प्रश्न आला नाही. तिची वकीलबाई स्वतः आत जायची, बाहेर येऊन तारीख सांगायची, आणि इस्त्रीवाली घरी जायची. पण मग वकीलबाई आजारी पडली, एक-दोनदा येऊ शकली नाही, आणि इथल्या साहेबांनी बजावलं, "पुढच्या वेळी मी ऐकणार. कुणी येवो न येवो." म्हणजे त्या दिवशी जे बोललं जाईल त्यावर खोली राहणार की जाणार ते ठरायचं.

तो दिवस उजाडला. इस्त्रीवाली सगळ्यांच्या आधी आली. स्वतःचे कपडे मात्र चुरगळलेलेच. सुताराच्या घरी पाट मोडका, दुसरं काय! वकीलबाई लगबगीनं आली आणि म्हणाली, "मला वरच्या मजल्यावर दुसरं काम आहे. तुम्ही इथंच बसा, हलू नका. पुकारा झाला की मला फोन करा, मी धावत येते."

"बरं," बाई म्हणाली. वकीलबाई गेली.

तेव्हाच माझ्या फळ्यांना घाम फुटला. कारण तिला जे सांगायला हवं होतं ते कुणीच सांगितलं नव्हतं. कुणाच्या मनात खोट होती म्हणून नव्हे. इथं सगळ्यांना ते इतकं ठाऊक असतं की ते सांगायचं असतं हेच विसरायला होतं. खालच्या कोर्टात दावा तिनं लावला होता, म्हणून तिथं तिचं नाव पुढं. इथं अपील दिरानं केलेलं, म्हणून त्याचं नाव पुढं आणि तिचं मागं. आणि आमचा शिपाई, बिचाऱ्याचा घसा सकाळपासून ओरडून बसलेला, पुकारताना पुढचं तेवढं नाव घेतो.

थोड्या वेळानं दीर आला आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसला. तिनं मान वळवली. त्यानं वळवलेलीच होती. दावा लागल्यापासून दोघं एका शब्दानं बोलले नव्हते.

लेकीचा फोन आला. "हो गं, बसलेय. नाही, अजून नाही आलं माझं नाव. ते पांढरे शर्ट दुपारी न्यायला येतील, कॉलरला पाणी शिंपड आधी. घाबरू नकोस. मी कुठं घाबरलेय?" असं म्हणत ती दुसऱ्या हाताच्या नखांनी मला खरवडत होती.

आणि शिपाई दारात आला. त्यानं दिराचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. दीर उठला, त्याचा वकील कुठूनसा आला, दोघं आत गेले.

इस्त्रीवाली बसून राहिली.

अहो बाई, उठा! हे तुमचंच आहे! मी मनातल्या मनात किती ओरडलो असेन. पण लाकडाला कुठलं तोंड? तिच्या चेहऱ्यावर मला हिशोब दिसत होता: आधी त्यांना बोलावलंय, त्यांचं झालं की मला बोलावतील. तिनं पिशवी मांडीवर घेतली, केस सारखे केले, तयार होऊन बसली. तयार! माझा जीव वरखाली होत होता.

दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "समोरची बाजू?" दिराचा वकील म्हणाला, "कुणी हजर नाही, साहेब." मग साहेब म्हणाले, "चालू करा."

तो वकील बोलू लागला. खोली कुणी बांधली, कुणाच्या नावावर आहे, बाईचा कसा काही हक्क नाही, सगळं सलग, अडवायला कुणी नाही. पंख्यांच्या घरघरीत तिला ते ऐकू येत नव्हतं. मला भिंतीतून येत होतं. एकेक वाक्य संपलं की मला वाटायचं, गेली, खोली गेली, टेबल गेलं, पडद्यामागचा संसार रस्त्यावर आला.

तेवढ्यात आत कुणाचा तरी फोन खणखणला. साहेब कडाडले, "कोण ते? बाहेर काढा!" शिपायानं ज्याला दंडाला धरून बाहेर आणलं तो दीर होता. ऐन वेळी बायकोनं फोन केला होता, "झालं का?" म्हणून. त्यानं फोन बंद केला आणि ओशाळून उभा राहिला.

गरजवंताला अक्कल नसते. इतक्या वर्षांचा अबोला इस्त्रीवाली एका क्षणात विसरली. तिनं जरा सरकून जागा केली आणि विचारलं, "भावजी, तुमचं झालं का? माझं कधी येईल, काही म्हणाले का हो आत?"

तो बसला. त्यानं नुसतं "येईल की" म्हटलं असतं तरी भागलं असतं. एवढंच. खोटंसुद्धा ठरलं नसतं धड. घास अगदी हातातोंडाशी आला होता, पोराचं दुकान डोळ्यांसमोर दिसत असेल. आत त्याचा वकील शेवटाकडं आला होता, आवाजावरून मला ते कळत होतं.

"सांगा ना," ती म्हणाली. "माझ्या जिवाला घोर लागलाय."

त्यानं नखांतला रंग कुरतडला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, तुमचंच चाललंय आत."

"माझं? अहो, पण माझं नाव कुठं..."

"अपील मी केलंय ना. म्हणून माझं नाव पुढं असतं. तुमचं माझ्या मागं. उठा. आधी जाऊन उभ्या राहा."

तिच्या मांडीवरची पिशवी पडली. ती आत धावली आणि मी तिचा आवाज ऐकला, फाटलेला, "साहेब, मी आहे! मी बाहेरच होते!"

"बाहेर होतात तर पुकाऱ्याला उठला का नाहीत?"

"माझं नाव नाही घेतलं, साहेब. यांचं घेतलं."

आत कागद उलटल्याची सळसळ झाली. मग साहेबांचा आवाज आला, जरा खाली उतरलेला. "वकील कुठं आहेत तुमच्या? वर? बोलवा. लवकर."

वकीलबाई जिन्यावरून धडाधडा उतरली, कोटाची एक बाही हातात, एक लोंबकळत. दीर माझ्यावरच बसून होता. तिची पिशवी त्यानं उचलून शेजारी ठेवली होती.

पुष्कळ वेळानं त्याचा वकील बाहेर आला, लालबुंद होऊन. "अहो, तुम्ही तिला बोलावलंत? हातातलं घालवलंत! कशाला बोलावलंत?"

"मी नाही बोलावलं," दीर म्हणाला. "तिनं विचारलं. तोंडावर विचारलं तर काय सांगू?"

निकालाच्या दिवशी दोघं पुन्हा आले. शिपायानं दिराचं नाव पुकारताच इस्त्रीवाली ताडकन उठली, "आहे, आहे!" म्हणाली, आणि मागं वळून, "चला भावजी, आपलं आलं." आजूबाजूचे हसले. तोही हसला असता, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खोली तिच्याकडंच राहिली. बाहेर आल्यावर तो तिच्याशी बोलला नाही, सरळ जिना उतरून गेला. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जिंकलेल्या माणसाला इतकं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता दाराजवळ लोखंडी खुर्च्यांची नवी रांग आली आहे. मला व्हरांड्याच्या टोकाला सरकवलंय. माझा एक पाय खिळखिळा झालाय, त्याखाली पुठ्ठा दुमडून घातलाय. मोडीत जाईन एक दिवस, त्याचं मला काही नाही. पण इथवर पुकारा नीट ऐकू येत नाही, आणि खुर्च्या भरल्या की माणसं माझ्याकडंच येतात.

आत्ताही एक जण बसलाय. अगदी टोकावर, म्हणजे नवा आहे. घरून निघताना काही खाल्लेलं दिसत नाही. शेजारच्याला मघाशी म्हणाला, "माझं नाव आलं की जायचं, एवढंच ना?" शेजारचा पेंगत "हं" म्हणाला.

तुम्ही इथून चाललाच आहात तर क्षणभर थांबा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. त्याला एवढंच विचारा हो, "दादा, तुमची केस कुणाच्या नावानं लागलीय?" लवकर विचारा. तो बघा, शिपाई दारात आला.