एकोणीस बाळंतपणं

प्रसूतिसेवेची पदवी परवान्याशिवाय भिंतीवर टांगण्यापुरतीच. परवान्यासाठी चाळीस बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करायची आणि शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी वहीत प्रत्येकाखाली सही करायची. माझी त्रेचाळीस झाली होती. तरी परवाना कार्यालयातल्या खिडकीमागच्या माणसाने वही परत सरकवली.

"एकोणीस धरता येणार नाहीत. सही करणाऱ्या मॅडमचा परवाना तेव्हा संपला होता."

आमच्या मॅडम. नखं वाढलेली दिसली की वॉर्डाबाहेर काढणाऱ्या, मिनिटभर उशीर झाला तर अख्ख्या वर्गासमोर बिनपाण्याने करणाऱ्या. यांना स्वतःची तारीख बघायला सवड झाली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्यांच्या खोलीत शिरले.

मॅडम चहा ढवळत होत्या. "अगं, राहून गेलं. अर्ज केला, दुसऱ्या दिवशी नवा मिळाला."

त्यांना एक दिवस. मला आणखी सोळा बाळंतपणं, म्हणजे सहा महिने, कारण वॉर्डात आम्ही बारा जणी आणि खाटा पाच.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? दुसऱ्या मॅडम मागच्या तारखेने सह्या करतील. बाकीच्या मुलींनी घेतल्यासुद्धा."

"त्या तर तेव्हा खोलीत नव्हत्याच."

"कोण बघायला जातंय?"

घरी आईचंही तेच. "घे गं सही आणि मोकळी हो."

"एका बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, आई. उद्या कुणी विचारलं तर न बघितलेली बाई काय सांगणार?"

आईचा राग आला, कारण सही घ्यावी असं मलाही वाटत होतं. पण नाही घेतली.

सोमवारी वॉर्डात मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी वहीत पंचवीस आकडा घातला.

"मॅडम, आधी परवाना दाखवा."

"आत्ता? इथे?"

खाटेवरच्या बाईने मान वळवली. "का? यांच्याकडे नाहीये का?"

तिला घाबरवायला नको होतं, हे तेव्हाच कळलं. "आहे," मी म्हटलं. "आता आहे."

मॅडमनी लालबुंद चेहऱ्याने पर्समधून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. पण खाटेवरच्या बाईने हात पुढे केला.

"मला बघू द्या."

मॅडमनी ते तिच्या हातात दिलं. पुढची कळ येईपर्यंत ती तारीख वाचत होती.