परीक्षकाचे आभार

झोर्नित्साने चहाचा कप बाजूला सारला आणि पिशवीतले सव्वीस कागद स्पासांच्या पुढ्यात ठेवले. छापील बाजू तिने खाली केली होती.

"सर, वाचायच्या आधी मीच सांगते. आपली अटकळ सिद्ध झाली. आपल्या हातून नाही. ताल्लिनमधल्या दोन पोरांनी केली."

स्पास द्रागिएव कोऱ्या पाठीकडे पाहत राहिले. तार्नोवोच्या विद्यापीठातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षे झाली होती. त्यांच्याच हाताखाली शिकून झोर्नित्सा आता तिथे शिकवत होती, आणि गेली नऊ वर्षे दर गुरुवारी दुपारी ती या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसत होती.

प्रश्न सांगायला सोपा होता. एका पेटीला पुष्कळ बटणे आणि वर एकच दिवा. दिवा लागतो किंवा लागत नाही. आणि एकदा लागला की आणखी बटणे दाबल्याने विझत नाही. पेटी न उघडता, नुसती बटणे दाबून आतली जोडणी ओळखायची. किती वेळा दाबावी लागतील? गणितात अशी पेटी म्हणजे बुलियन फलनाचा एक प्रकार. थोडक्या तपासण्यांत आजार कसा ओळखावा इथपासून यंत्राला शहाणे कसे करावे इथपर्यंत हा प्रश्न कुठेही डोके वर काढतो. एका जातीच्या पेट्यांसाठी स्पासांनी एक आकडा सांगितला होता: याहून जास्त वेळा कधीच लागणार नाही. तो सिद्ध करण्यासाठीच दोघांचे हे गुरुवार चालले होते.

"बरोबर आहे का?" स्पासांनी विचारले.

"बरोबर आहे. तीनदा तपासलं."

"मग चांगलं झालं."

"एवढंच?"

झोर्नित्साने गठ्ठा सुलटा केला, शेवटचे पान काढले आणि वाचले, "'चौथ्या भागाची मूळ सिद्धता नऊ पानांची होती. ती दीड पानात बसवण्याची युक्ती सुचवणाऱ्या अनाम परीक्षकाचे आभार.' ती युक्ती मी पाहिली, सर. दोन-दोन पेट्या जोडीने घ्यायच्या आणि एकीची साक्ष दुसरीकडून काढायची. दुसऱ्या वर्षाला असताना मला ती फळ्यावर कुणी दाखवली होती?"

ओव्हनचे दार उघडल्याचा आवाज झाला. स्पासांची बायको ल्यूबा पाठमोरी होती; तिला कागदांचे काही नव्हते.

"छापण्याआधी तपासायला तुमच्याकडे कधी आला हा निबंध?"

"सप्टेंबरात."

झोर्नित्साने पान हळूच गठ्ठ्यावर ठेवून कडा जुळवल्या. मग पुन्हा जुळवल्या.

ऑक्टोबरात तिला परदेशातून, लिंत्सच्या विद्यापीठाकडून पत्र आले होते. तीन वर्षांची नोकरी. तिचा नवरा कालिन दोन वर्षांपासून तिथल्या पोलाद कारखान्यात होता आणि महिन्यातून एकदा बसने बावीस तास प्रवास करून घरी येत होता. ते पत्र घेऊन ती याच टेबलाशी बसली होती. जाऊ का, असे तिने विचारले होते. स्पास म्हणाले होते, "तुझं तू ठरव. पण झोरे, आता फार राहिलेलं नाही. उन्हाळ्यापर्यंत उरकेल." दुसऱ्या दिवशी तिने नकार कळवला. कालिन फोनवर भांडला नाही, नुसते 'बरं' म्हणाला. नाताळात तो आला नाही. फेब्रुवारीत त्याच्या वकिलाचे पत्र आले.

"परीक्षकाने बोलायचं नसतं," स्पास म्हणाले.

"निबंधाबद्दल एक अक्षर बोलू नका. नुसतं 'जा' म्हणायचं होतं. त्याला कुठला नियम आड येत होता?"

"कुठलाच नाही."

ल्यूबा चीज भरलेल्या बानित्साची ताटली घेऊन आली. "काय गं, आवाज कशाने चढला? ओरडले का तुला?"

"नाही, मावशी. मीच ओरडले."

"ओरड. घरात कुणीतरी ओरडायला हवंच यांच्यावर, माझं तर ऐकतच नाहीत." तिने दोघांना एकेक तुकडा वाढला. "आज गुरुवार म्हणून सकाळी आठलाच दाढी केलीये. बाकीचे सहा दिवस नुसतं अस्वल असतं घरात." ती हात पुसत शेजारणीकडे निघून गेली.

दार लागले. बानित्साला कुणी हात लावला नाही.

"पाचवा भाग मला समजला नाही," स्पास म्हणाले.

"कशाचा?"

"याचाच. सप्टेंबरात चारदा वाचला. दर वेळी धागा सुटतो. दुसरा एक परीक्षक होता, त्याने पाहिलं असेल म्हणून मी होकार लिहून दिला. चौथा भाग माझ्या हातातल्या, चाळीस वर्षांच्या जुन्या युक्तीचा. पण नवीन काही..." त्यांनी तळहात टेबलावर उपडा ठेवला. "तू जे मांडायचीस ना वहीत, तेही गेल्या ईस्टरपासून मला कळत नव्हतं."

झोर्नित्सा त्यांच्याकडे पाहत राहिली. वर्षभर ती मांडत गेली होती आणि ते 'हं, पुढे' म्हणत गेले होते. कधी काहीच म्हणायचे नाहीत. त्या गप्प बसण्यावरून तिने ताडले होते की कुठेतरी चूक आहे, आणि घरी जाऊन कितीदा तरी सगळे पहिल्यापासून लिहून काढले होते.

"मावशींना माहीत आहे?"

"नाही. तू गेली असतीस तर मग गुरुवारी मी..." त्यांनी वाक्य तिथेच सोडले. ताटली बाजूला सरकवत म्हणाले, "मला माफ कर असं म्हणत नाही मी."

"म्हणूही नका."

ती उठली. खुंटीवरचा कोट काढून तिने अंगात घातला, बटणे लावली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली उतारावरच्या घरांच्या कौलांपलीकडे यांत्रा नदी गढूळ वाहत होती. लिंत्सची ती जागा नोव्हेंबरातच भरली होती. एका पोर्तुगीज बाईला मिळाली असे तिने कुठेतरी वाचले होते. तिने वळून पाहिले. स्पासांनी गठ्ठ्यातून पाचवा भाग सुरू होतो ते सोळावे पान काढून समोर ठेवले होते आणि चष्मा नाकावर खाली ओढून ते त्यावर वाकले होते. ओठ हलत होते.

ती कोट न काढताच पुन्हा खुर्चीत बसली.

"कुठे सुटतो धागा?"

स्पासांचे बोट पानावरून फिरले, थोडे पुढे गेले, मागे आले आणि भागाच्या दुसऱ्याच ओळीवर थांबले.

झोर्नित्साने पेन्सिल घेतली. समासात तिने एक लहान उदाहरण मांडले, तीनच बटणांचे. मग ती ओळ वाचली, तिचा अर्थ सांगितला, पुढची ओळ वाचली. घाई केली नाही. अर्ध्या पानाशी येऊन ती थांबली.

"समजलं?"

"समजलं," स्पास म्हणाले.

तेरा वर्षे वर्गात शिकवताना, न समजताच 'समजलं' म्हणणारे असे चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते. तिने पान उलटले आणि कोऱ्या पाठीवर तीच तीन बटणे पुन्हा मांडली.